एल्बोतला दगड

मामाच्या घराचं दार वाऱ्याने आपटू नये म्हणून तिथं एक पांढरा दगड लावलेला असायचा. आकार कसा, तर कोपरात वाकवलेल्या हातासारखा. पाहुणे विचारायचे, हे कुठून आणलं, आणि मामा मोठ्या ऐटीत सांगायचा, "गटारातून." मामी कपाळाला हात लावायची. "अहो, चार लोकांत तरी नीट सांगा. घासून घासून धुतलाय मी तो," असं म्हणायची, पण तोपर्यंत पाहुण्यांचा चहाचा कप अर्ध्या वाटेत थांबलेला असायचा.

मामा खोटं बोलत नव्हता. शहराच्या सांडपाणी प्रकल्पावर तो फिटर होता. अख्ख्या गावाची घाण तिथं येते, तिच्यातला गाळ बंद टाक्यांत कुजवतात, कुजलेला गाळ पिळतात आणि पिळून निघालेलं पाणी पाइपातून पुन्हा पहिल्या टाकीकडे पाठवतात. ह्या पाण्याच्या पाइपात दगड धरतो. पांढरा, कडक, छिन्नीलाही दाद न देणारा. पाइप जिथं वळतो त्या तुकड्याला एल्बो म्हणतात, तिथं तर असा धरतो की पाण्याला वाटच उरत नाही. मामाचं निम्मं आयुष्य तो दगड काढण्यात गेलं. हातोडा, छिन्नी, आणि अगदीच हट्टाला पेटला तर अ‍ॅसिड. प्रकल्पावर सगळे त्याला ठोक्या म्हणायचे, तेही तोंडावर, आणि तो खुशाल ओ द्यायचा. दारातला दगड म्हणजे त्याने उमेदवारीच्या काळात एल्बोतून न फोडता, अख्खाच्या अख्खा सोडवलेला पहिला दगड. दुसऱ्या कुणी मेडल म्हणून कपाटात ठेवला असता. मामाने दाराला लावला.

भाची लहानपणी त्या दगडावर बसायची. तिचे वडील गेले तेव्हा तिला आणि तिच्या आईला मामाच घरी घेऊन आला होता. मामा-मामीला मूलबाळ नव्हतं, त्यामुळे भाची म्हणायची ती नात्याने, वाढली लेकीसारखी. अंगात हट्ट भरपूर. रुसली की दारात जाऊन दगडावर बसणार आणि जेवायला उठणार नाही. समजूत घालणं मामाला बापजन्मात जमलेलं नव्हतं. तो दुधाच्या पावडरीचा एक जुना डबा घेऊन यायचा, तिच्या शेजारी ठेवायचा, "हे जरा बघ वेळ मिळाला की," एवढंच म्हणायचा आणि निघून जायचा. डब्यात काहीतरी खाऊ असायचा. डबा उघडला की भांडण मिटलं. त्या दोघांची ही रीतच होती, आणि तिच्यात दोघांपैकी कुणालाही माफी मागावी लागत नसे.

पोरगी रसायनशास्त्र शिकली आणि त्याच प्रकल्पाच्या प्रयोगशाळेत लागली, तेव्हा मामाने पंपहाउसमध्ये सगळ्यांना चहा पाजला. आई आणि ती दोन गल्ल्या सोडून वेगळ्या खोल्यांत राहायला गेल्या, तरी दुपारचा डबा मामा-भाची एकत्रच खायची. असंच एकदा जेवताना मामाने विचारलं, "इतकी वर्षं ठोकतोय, पण हा दगड धरतो का, हे मला कुणी सांगितलं नाही बघ."

"कुणाला विचारलंस कधी?"

"विचारलं की. साहेब म्हणाले, तू ठोक."

भाची हसली आणि तिने सांगितलं. त्या पाण्यात तीन गोष्टी असतात. अमोनिया आणि फॉस्फेट हवं तेवढं, मॅग्नेशियम मात्र बेताचं. तिघं सारख्या वाट्याने जुळले की दगड तयार होतो. पण पाण्याचा पीएच खाली असला तर ते जुळत नाहीत. वळणावर पाणी आपटतं, आत विरघळलेला वायू सोड्याची बाटली उघडल्यासारखा सुटतो, त्याबरोबर पीएच चढतो, आणि तिघं तिथल्या तिथं एकमेकांना धरून बसतात.

"म्हणजे साहेबांनी सगळा पाइप सरळ टाकला असता तर माझी नोकरी गेली असती," मामा म्हणाला.

मग तिने आपल्या मनातली गोष्ट सांगितली. हा दगड पाइपात धरण्याआधी आपणच त्याला आपल्या सोयीच्या जागी धरायला लावायचं. एक उंच नळी उभी करायची, तिच्यात खालून हवा सोडायची म्हणजे पीएच चढेल, आणि कमी पडणारं मॅग्नेशियम थेंबाथेंबाने द्यायचं. घाई केली तर नुसती पिठी होते आणि पाण्याबरोबर वाहून जाते. सावकाश चाललं तर दाणे होतात, गोल, टणक, शेताला खत म्हणून घालता येतील असे. "आणि सुरुवातीला विरजण लागतं," ती म्हणाली.

"कसलं विरजण?"

"त्याच दगडाचं. बारीक करून टाकायचं, मग त्याच्यावर नवा थर बसत जातो. विरजण नसेल तर कशावर बसणार?"

मामाला हसता हसता ठसका लागला. पण दुसऱ्याच दिवशी त्याने एल्बोतून मूठभर दगड काढला, कुटला, चाळला आणि कागदात बांधून तिच्या टेबलावर आणून ठेवला. नळीही त्यानेच उभी केली. आरपार दिसणारा अ‍ॅक्रिलिकचा पाइप, माणसाहून उंच, खाली हवेची नळी, बाजूला मॅग्नेशियमच्या मिठाची टाकी. भाची त्याला कॉलम म्हणायची. मामा नळकांडं म्हणायचा. मग प्रकल्पावर सगळेच नळकांडं म्हणायला लागले, मोठे साहेबसुद्धा.

मोठ्या साहेबांनी परवानगी दिली होती, पण हातचं राखून. वरच्या कार्यालयाची कमिटी पाहणीला येणार होती. तिला नळीत धड दाणे दिसले तर पुढे मोठा कॉलम बांधायचा आणि तो भाचीच्या हाताखाली द्यायचा. नाही दिसले तर हे सगळं काढून टाकायचं, कारण त्या जागेवर दुसऱ्या विभागाचा डोळा होताच. भाचीचा जीव त्या नळीत अडकला. सुट्टीच्या दिवशीही ती एक चक्कर टाकून यायची.

दाणे धरले. आधी मोहरीएवढे, मग त्याहून मोठे. हवेच्या बुडबुड्यांबरोबर वर उठायचे आणि पुन्हा खाली बसायचे. मामा जाता-येता थांबून बघायचा. "आयला, ह्याच्याशी मी जन्मभर वैर केलं, आणि हा इथं नाचतोय," म्हणायचा. पण दाण्यांबरोबर नळीच्या भिंतीवरही पांढरा थर बसत गेला आणि हळूहळू आतलं दिसेनासं झालं. भाचीची चिडचिड सुरू झाली. एकदा पंपहाउसच्या दारात उभं राहून ती म्हणाली, "आत एवढे चांगले दाणे झालेत आणि बाहेरून काही दिसत नाही. कमिटीला काय पांढरी नळी दाखवू? ही भिंत तेवढी कुणीतरी साफ करून द्यायला पाहिजे." आता त्या दारात उभं राहून कुणीतरी म्हटलं की त्या कुणीतरीचं नाव काय, हे सगळ्या प्रकल्पाला ठाऊक होतं.

पुढे लाइन बंद ठेवून दुरुस्ती करायचा दिवस आला. असा दिवस म्हणजे मामाचा सण. सगळे एल्बो उघडायचे, ठोकायचे, उरलेल्याला अ‍ॅसिड. त्या दिवशी भाची आईला डोळ्यांच्या डॉक्टरकडे घेऊन गेली होती. मामाने सगळी लाइन स्वच्छ केली, आणि हात रिकामे झाल्यावर त्याचं लक्ष नळकांड्याकडे गेलं. त्याचा हिशोब सरळ होता. पाइपातला दगड अ‍ॅसिडलासुद्धा रात्रभर पुरतो. मग घटकाभर अ‍ॅसिड घातलं तर भिंतीवरचा पातळ थर तेवढा जाईल, दाण्यांना काय होतंय. वर्षानुवर्षांचा अनुभव होता त्याचा, आणि तो खोटाही नव्हता. फक्त तो हाताएवढ्या जाड दगडांचा होता. मोहरीएवढ्या दाण्यांना अ‍ॅसिड चहूबाजूंनी भिडतं, हे त्याच्या ध्यानात आलं नाही.

सकाळी भाची आली तेव्हा नळी लखलखत होती. आरपार दिसत होती. आत काही नव्हतं.

मामा शेजारी उभा होता. त्याने काही लपवलं नाही. "भिंत साफ करायला गेलो गं पोरी," तो म्हणाला. "दाणे टिकतील असं वाटलं. चुकलं माझं."

पंपहाउसमधले तिघे-चौघे दारात येऊन उभे राहिले होते. भाचीच्या तोंडचं पाणी पळालं होतं, आणि माणसाला असं काही झालं की तो जवळच्याच माणसावर तुटून पडतो. ती म्हणाली, "तुला काय कळणार, मामा. आयुष्यभर नुसतं फोडत आलास. काही वाढवलंयस कधी?"

ती दाण्यांबद्दल बोलत होती. खरंच दाण्यांबद्दलच. पण शब्द तोंडातून निघाला आणि तिला तो ऐकू आला, जसा दारातल्या माणसांना आला, जसा मामाला आला. तेवढ्यात काही म्हणता आलं असतं. तिने म्हटलं नाही, कारण राग अजून उतरला नव्हता, आणि रागात असताना माघार घेणं तिच्या स्वभावात नव्हतं. मामाने मान हलवली, हातातली छिन्नी पिशवीत टाकली आणि तो गेला.

दुसऱ्या दिवशी तो प्रयोगशाळेच्या दारात येऊन म्हणाला, "मॅडम, पंप सुरू करू का?"

तिला आधी वाटलं, थट्टा करतोय. थट्टा नव्हती. त्या दिवसापासून ती मॅडम झाली. दुपारी तो डबा घेऊन पंपहाउसमध्येच बसायला लागला. भिंत साफ करायला आपणच म्हणालो होतो, हे तिला त्याच संध्याकाळी आठवलं होतं आणि आठवून ती कानकोंडी झाली होती. जाऊन बोलायला हवं, हेही कळत होतं. पण कमिटी तोंडावर आली होती. एकदा ती होऊन जाऊ दे, मग निवांत बसून बोलू, असं तिने स्वतःला समजावलं. माणूस घरचा असला की आपण असं करतो, परक्याला कधी ताटकळत ठेवत नाही.

तिने नळी पुन्हा सुरू केली. खालून हवा, वरून मॅग्नेशियम, पीएच अगदी हवा तिथं. पण विरजण नव्हतं. अ‍ॅसिडने लाइन इतकी साफ झाली होती की कुठल्या एल्बोत नखाएवढाही दगड शिल्लक नव्हता, आणि ठोकून काढलेला सगळा दगड त्याच दिवशी कचऱ्याच्या गाडीतून गेला होता. तयार होत होती ती नुसती पिठी, आणि ती पाण्याबरोबर वाहून जात होती. तिने मॅग्नेशियम वाढवलं, तर पिठी वाढली. कमी केलं, तर काहीच होईना. घाई केली की पिठी होते, हे मामाला तिनेच शिकवलं होतं.

अशातच मामा आला. ती आकडेमोडीत डोकं घालून बसली होती. त्याने टेबलाच्या कडेला काहीतरी ठेवलं आणि म्हणाला, "मॅडम, हे जरा बघा वेळ मिळाला की."

तिने डोळ्यांच्या कोपऱ्यातून बघितलं. दुधाच्या पावडरीचा जुना डबा. तिच्या मस्तकात तिडीक गेली. इथं माझं सगळं बुडायला आलंय आणि ह्याला वाटतंय खाऊ दिला की झालं. मी काय आता दगडावर बसून रुसणारी पोर आहे? "ठेवा तिथं," ती मान वर न करता म्हणाली. मामा थोडा वेळ उभा राहिला. त्याला काहीतरी सांगायचं होतं, पण बोलणं त्याला कधी जमलं होतं? तो गेला. तिने डबा उचलला आणि नजरेसमोर नको म्हणून कपाटावर ठेवून दिला.

त्याच आठवड्यात आई सहज म्हणाली, "वहिनी म्हणत होती, हल्ली त्यांचं दार सारखं आपटतं." भाचीने ऐकलं आणि सोडून दिलं. दारं आपटतच असतात.

कमिटी आली. नळीत दुधट पाणी होतं. एका साहेबांनी चष्मा कपाळावर चढवून, वाकून, अगदी मनापासून बघितलं आणि विचारलं, "बाई, ह्यात बघायचं काय आहे?" भाचीने आधीच्या दाण्यांबद्दल सांगितलं. ते कुठे गेले, असं विचारल्यावर तिने सांगितलं की नळी धुताना माझ्याकडून चूक झाली. मामाचं नाव घेतलं नाही. तेवढं तिने केलं. पण ते मामाच्या कानावर घालेल असं कुणी तिथं नव्हतं, आणि तिनेही जाऊन सांगितलं नाही. नळी त्याच महिन्यात काढली. काढायला मामाच आला. ज्या पान्याने बोल्ट आवळले होते त्याच पान्याने त्याने ते सोडवले, एकही तुकडा न मोडता.

पुढे मामा निवृत्त झाला. निरोपसमारंभात लोकांनी ठोक्याचे किस्से सांगितले आणि सगळे पोट धरून हसले. भाची मागच्या रांगेत उभी होती. तिलाही दोन शब्द बोलायला सांगितलं, तर ती म्हणाली की त्यांच्याकडून खूप शिकायला मिळालं. असं कुणीही कुणाबद्दल म्हणतं. मामाने सगळ्यांना केला तसा तिलाही नमस्कार केला.

प्रयोगशाळेला रंग द्यायचा म्हणून कपाटं हलवायची वेळ आली तेव्हा तो डबा पुन्हा तिच्या हातात आला. ती त्याला विसरली नव्हती, पण आठवतही नव्हती. आतला खाऊ एव्हाना खराब झाला असेल, टाकून द्यावा, असं म्हणत तिने झाकण काढलं.

आत पांढरी पूड होती. नुसती पूड नव्हे. बारीक रव्यासारखी, एकसारखी, दोनदा तरी चाळलेली असावी अशी. आणि तिच्यावर एक तुकडा तसाच ठेवलेला होता, न कुटलेला, एका बाजूने गुळगुळीत, बाकदार. तो बाक तिच्या हाताला ओळखीचा होता. लहानपणी त्याच बाकावर तिची मांडी टेकलेली असायची. हे कुठलं आहे ते तिला कळावं, म्हणून मामाने तेवढा तुकडा ठेवला होता. सांगता येणार नाही, हे त्याला आधीच ठाऊक असणार.

भाची खाली जमिनीवरच बसली. रंगारी बाहेर थांबले होते, ते थांबू दिले. आयुष्यातला पहिला अख्खा सोडवलेला दगड त्याने स्वतःच्या हाताने फोडला होता. आणि ती काय म्हणाली होती त्याला, नुसतं फोडत आलास.

संध्याकाळी डबा घेऊन ती मामाकडे गेली. मामीने दार उघडलं, तिला बघून गालावरून हात फिरवला आणि चहा टाकायला आत पळाली. मामा खुर्चीत बसला होता. "या," म्हणाला. एवढ्यात वाऱ्याने दार आपटलं. मामाने सवयीने पाय पुढे सरकवला आणि तो रिकाम्या फरशीवर टेकला. मग तो उठला आणि दाराला घडी केलेलं पोतं लावून पुन्हा येऊन बसला.

तिने डबा दोघांच्या मध्ये ठेवला. "मामा, आज उघडला."

मामाने झाकण काढून आत बघितलं. मग त्याने एकच विचारलं. "विरजण लागलं असतं का ह्याचं?"

नाही म्हणायचं तिच्या अगदी जिभेवर आलं होतं. जुना होता दगड, कोरडा पडलेला, काही झालं नसतं, असं म्हटलं असतं तर दोघांनाही सोपं गेलं असतं. पण दगडाबाबत मामाशी खोटं बोलणं तिला जमेना. "लागलं असतं," ती म्हणाली. "कमिटी यायच्या आत दाणे धरले असते."

"मग उघडायचा होतास गं," मामा म्हणाला.

तिला रडू आलं. रडता रडताच ती म्हणाली, "मी त्या दिवशी बोलले ते दाण्यांबद्दल होतं, मामा. शप्पथ, दाण्यांबद्दल."

"ठाऊक आहे मला." मामाने स्वयंपाकघराकडे बघितलं आणि आवाज खाली आणला. "घरात मी ते सांगितलेलं नाही. दगड मोठ्या कामासाठी लागतोय, एवढंच सांगितलंय. ते बोलणं तिला सोसलं नसतं. तूही काढू नकोस."

मामी चहा घेऊन आली. कप हातात देताना म्हणाली, "किती दिवसांनी आलीस गं. ह्यांना सारखी म्हणते मी, आपण वाढवलेली पोर, अशी कशी घर विसरली?"

मामाने आपल्या कपात बघितलं. भाचीने चहा घेतला आणि मान खाली घालून तो गरम गरमच प्यायला सुरुवात केली.